डीएसएलआर : सद्दी सरली, उपयोग उरला

बड्या कंपन्यांनी आरशाच्या कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली असली, तरी विद्यार्थी, हौशी छायाचित्रकार आणि लग्नसराईवर ज्यांचे पोट आहे असे व्यावसायिक यांच्यासाठी तो अद्याप निकामी झालेला नाही. मात्र खरेदीपूर्वी मेगापिक्सेलची नव्हे, तर स्वतःच्या गरजेची मोजदाद होणे अगत्याचे आहे.

डिजिटल एसएलआर अर्थात डीएसएलआर हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरांत रुळला, त्याला आता दोन दशके होत आली. मुलीने बारावीनंतर वृत्तपत्रविद्येचा किंवा उपयोजित कलेचा अभ्यासक्रम निवडला, निवृत्तीनंतर कुणाला पक्षिनिरीक्षणाचा नाद लागला किंवा घरात पहिले नातवंड आले, की 'चांगला कॅमेरा' घेण्याचा विषय निघतो. चांगला कॅमेरा म्हणजे गळ्यात अडकवायचा, लेन्स बदलता येणारा, दणकट डीएसएलआर, हे समीकरणही पक्के बसले आहे. परंतु ज्या कंपन्यांनी हे समीकरण रुजवले, त्यांनीच आता ते मोडीत काढले आहे. त्यामुळे साठवलेल्या शिलकीतून कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या ग्राहकापुढे पेच उभा राहिला आहे. डीएसएलआर घ्यावा, तर तो उद्या अडगळीत जाण्याची भीती. नव्या पद्धतीचा 'मिररलेस' घ्यावा, तर खर्च हाताबाहेर. आणि दोन्हींचा नाद सोडावा, तर खिशातला मोबाइल पुरेसा आहे का, याची खात्री नाही.

पेच खरा आहे, कारण त्यामागील घडामोडी खऱ्या आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये 'कॅनन'चे अध्यक्ष फुजिओ मिताराई यांनी 'योमिउरी शिंबुन' या जपानी दैनिकाशी बोलताना, २०२० साली आलेला 'ईओएस-१डी एक्स मार्क-३' हाच कंपनीचा सर्वोच्च श्रेणीतील अखेरचा डीएसएलआर ठरेल, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी 'सोनी'ने आपल्या जुन्या 'ए-माउंट' मालिकेतील कॅमेऱ्यांची विक्री थांबवली. जुलै २०२२ मध्ये 'निकॉन' एसएलआर कॅमेऱ्यांचा विकास बंद करणार असल्याचे वृत्त 'निक्केई'ने दिले. निकॉनने हे केवळ तर्क असल्याचे सांगून उत्पादन, विक्री व सेवा चालूच राहील, असा खुलासा केला. मात्र २०२० मधील 'डी७८०' आणि 'डी६' यांच्यानंतर त्या कंपनीने एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. नामांकित कंपन्यांपैकी आरशाची बाजू उघडपणे घेत राहिली ती 'पेन्टॅक्स' हीच. तिने २०२१ मध्ये 'के-३ मार्क-३' आणि २०२३ मध्ये त्याची केवळ कृष्णधवल छायाचित्रे टिपणारी आवृत्ती आणली.

तीन दशकांची वाटचाल

या अस्ताचा अर्थ समजण्यासाठी उदयाकडे थोडे पाहावे लागते. डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ सालचा. 'कोडॅक'मधील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या यंत्राचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते. अवघ्या ०.०१ मेगापिक्सेलचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवण्यास त्याला २३ सेकंद लागत. पुढे १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉनच्या 'एफ-३' या फिल्म कॅमेऱ्यात डिजिटल सेन्सर बसवून व्यावसायिकांसाठी पहिला डीएसएलआर विक्रीस आणला. त्याची क्षमता होती १.३ मेगापिक्सेल आणि किंमत सुमारे २० हजार डॉलर. चित्रे साठवण्याची पेटी छायाचित्रकाराला वेगळी खांद्यावर वागवावी लागे. १९९९ मध्ये निकॉनने आपला स्वतःचा 'डी-१' आणला आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून फिल्म धुण्याच्या अंधारखोल्या बंद होण्यास सुरुवात झाली.

सामान्य ग्राहकासाठी खरे वळण आले ते २००३ मध्ये. कॅननचा ६.३ मेगापिक्सेलचा 'ईओएस ३००डी' हजार डॉलरच्या आत उपलब्ध झाला आणि व्यावसायिकांची मिरास हौशी मंडळींच्या हाती आली. २००८ मध्ये निकॉनच्या 'डी-९०'ने डीएसएलआरवर प्रथमच चित्रफीत टिपण्याची सोय दिली. त्याच वर्षी कॅननच्या 'फाइव्ह-डी मार्क-२'ने फुल एचडी चित्रीकरण शक्य करून लघुपट आणि लग्नांचे चित्रीकरण या दोन्हींचा चेहरामोहरा बदलला. ज्या कोडॅकने या साऱ्याची मुहूर्तमेढ रोवली, तिने मात्र जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तंत्रज्ञानाच्या व्यवहारात जनकत्वाला संरक्षण नसते, हा त्यातील धडा.

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची, म्हणजे 'सीपा'ची, आकडेवारी पुढील घसरण दाखवते. २०१० मध्ये जगभर सर्व प्रकारचे मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२० मध्ये हा आकडा ९० लाखांच्या खाली आला. छोट्या कॅमेऱ्यांची बाजारपेठ मोबाइलने गिळली, हे त्याचे प्रमुख कारण. डीएसएलआरचा उच्चांक २०१२ चा. त्या वर्षी सुमारे १ कोटी ६० लाख डीएसएलआर कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांनी संख्येत डीएसएलआरला प्रथमच मागे टाकले. २०२३ मध्ये तर मिररलेस सुमारे ४८ लाख आणि डीएसएलआर जेमतेम १२ लाख, असे चित्र होते.

आरशाने काय दिले, काय घेतले

डीएसएलआरची रचना तशी जुनीच. लेन्समधून आत आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आदळतो, वरच्या पंचकोनी लोलकातून वळतो आणि छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. 'खटॅक' हा परिचित आवाज त्याचाच. मिररलेसमध्ये आरसा आणि लोलक दोन्ही नसतात. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि छायाचित्रकार पाहतो ते छोट्या पडद्यावरील चित्र.

या बदलाचे लाभ निर्विवाद आहेत. चित्र किती उजळ येणार, हे कळ दाबण्यापूर्वीच दिसते. फोकसचे काम खुद्द सेन्सर करीत असल्याने चौकटीच्या अगदी कडेला असलेला चेहराही नेमका टिपता येतो. माणसाचा किंवा पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस खिळवून ठेवण्याची सोय आता मध्यम किमतीच्या मिररलेसमध्येही असते. शटरचा आवाज पूर्ण बंद करता येतो. 'सवाई गंधर्व'सारख्या मैफलीत विलंबित ख्याल सुरू असताना किंवा नाटकातील स्तब्धतेच्या क्षणी या गुणाचे मोल सांगायला नको. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. स्वस्त कॅमेऱ्यांत हे नीरव शटर एलईडी दिव्यांखाली वापरल्यास चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात.

परंतु आरशाच्या बाजूनेही सांगण्यासारखे काही उरते. दृश्य थेट डोळ्यांना दिसत असल्याने व्ह्यूफाइंडरसाठी विजेची गरज लागत नाही. साहजिकच बॅटरी दीर्घकाळ टिकते. 'सीपा'च्या मोजमापानुसार निकॉनचा साधा 'डी३५००' एका चार्जिंगमध्ये १५५० छायाचित्रे टिपतो. लहान मिररलेसमध्ये हा आकडा बहुधा ३०० ते ४०० च्या दरम्यान असतो. वारीच्या वाटेवर किंवा गडकोटांच्या भटकंतीत, जिथे मुक्कामाला विजेचा भरवसा नाही, तिथे हा फरक कागदावरचा राहत नाही. मोठी पकड, हातमोज्यांतूनही दाबता येतील अशी बटणे आणि वर्षानुवर्षे सिद्ध झालेला टिकाऊपणा हेही डीएसएलआरचे गुणच आहेत.

मुख्य म्हणजे, सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच पिढीच्या सेन्सरमधून निघणाऱ्या छायाचित्राच्या दर्जात आरशाच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही. चौकट मांडण्याची आणि फोकस साधण्याची सोय वाढली आहे. प्रकाशाचे नियम बदललेले नाहीत. ज्याला सकाळच्या उन्हात वाड्याचे दार टिपायचे आहे, त्याला दोन्ही कॅमेरे सारखेच फळ देतील.

मेगापिक्सेलचे मृगजळ

दुकानात गेलेला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो मेगापिक्सेलचा. जाहिरातींनी लावलेली ही सवय त्याला महागात पडते. मेगापिक्सेल दुप्पट झाले, तरी छायाचित्राची लांबी-रुंदी दीडपटीहूनही कमी वाढते. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ६००० बाय ४००० बिंदूंचे असते. दर इंचाला ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या मापाने ते २० इंच लांब आणि १३ इंच रुंद छापता येते. दिवाणखान्याच्या भिंतीवरील तसबिरीला हे पुरेसे आहे. त्याहून अधिक मेगापिक्सेलची गरज मोठे जाहिरात फलक करणाऱ्यांना किंवा दूरच्या पक्ष्याचे चित्र कातरून मोठे करणाऱ्यांना पडते. इतरांच्या वाट्याला येतो तो केवळ साठवणुकीचा बोजा. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक कच्ची, म्हणजे 'रॉ', फाइल ५० एमबीच्या आसपास जाते. त्यासाठी कार्ड, हार्ड डिस्क आणि संगणक, सारेच मोठे लागते.

खरा प्रश्न सेन्सरच्या आकाराचा आहे. 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा. बहुसंख्य डीएसएलआरमधील 'एपीएस-सी' सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिमीचा आणि कॅननचा त्याहून किंचित लहान. बहुतेक महागड्या मोबाइलमधील मुख्य सेन्सर १० बाय ७ मिमीच्या घरात भरतो. म्हणजे मोबाइलच्या तुलनेत एपीएस-सी सेन्सरवर सुमारे पाच पट आणि फुल फ्रेमवर बारा पट क्षेत्र प्रकाश झेलण्यासाठी उपलब्ध असते. घाटावरच्या दिव्यांत, मंगल कार्यालयाच्या मंद उजेडात, रंगमंचावरील एका प्रकाशझोतात या क्षेत्रफळाचा उपयोग जाणवतो. मोबाइल अनेक चित्रे जोडून आणि गणिती प्रक्रिया करून ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढतो. मात्र समोरची व्यक्ती वेगाने हलत असेल, तर त्या जोडकामाला मर्यादा पडते.

उजेडी हवामानातील सहल, कौटुंबिक समारंभ आणि नातेवाइकांना पाठवायची छायाचित्रे एवढीच गरज असेल, तर मोबाइल पुरेसा आहे, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. अशा घरात आणलेला डीएसएलआर पहिल्या दोन सहलींनंतर कपाटात जातो, असा अनुभव अनेक कुटुंबांचा आहे.

लेन्स हाच टिकाऊ ठेवा

कॅमेऱ्याचा सांगाडा, म्हणजे 'बॉडी', काही वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स दशकांपर्यंत चालते. म्हणून कॅमेरा निवडणे म्हणजे प्रत्यक्षात लेन्सची एक घराणेशाही निवडणे होय. निकॉनचे 'एफ-माउंट' १९५९ पासूनचे आणि कॅननचे 'ईएफ-माउंट' १९८७ पासूनचे. कॅननने २०१४ मध्येच दहा कोटी ईएफ लेन्स बनवल्याचा टप्पा ओलांडला होता. हा सारा साठा आज जगभरच्या कपाटांत आणि जुन्या मालाच्या दुकानांत आहे. व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेसकडे वळत असल्याने त्यातील बराचसा विक्रीस येत राहतो. डीएसएलआर घेणाऱ्याला आज मिळणारा सर्वांत मोठा लाभ हाच.

बॉडीसोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स शिकण्यासाठी वाईट नाही, पण तिची झूम ताणलेल्या टोकाची क्षमता 'एफ ५.६' एवढीच असते. याउलट ५० मिमीची 'एफ १.८' ही साधी, हलकी आणि तुलनेने स्वस्त लेन्स तिच्याहून साडेनऊ पट प्रकाश आत घेते. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात पळणाऱ्या मुलाचे चित्र हलले की ग्राहक कॅमेऱ्याला दोष देतो. पुष्कळदा दोष लेन्सचा असतो. म्हणूनच एकूण तरतुदीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम बॉडीवर खर्च करू नये, हा जाणकारांचा जुना ठोकताळा आजही ग्राह्य आहे.

मात्र घराण्यांतर्गत विसंगतीही ध्यानात घ्याव्या लागतात. निकॉनच्या 'डी३५००' किंवा 'डी५६००' या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे 'एएफ-डी' प्रकारच्या जुन्या लेन्स त्यांवर बसतात, परंतु फोकस हाताने फिरवून करावा लागतो. 'डी७५००'मध्ये ही अडचण येत नाही. कॅननच्या 'ईएफ-एस' लेन्स कंपनीच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. उद्या मिररलेसकडे जाण्याचा विचार असेल, तर कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून नव्या 'आर' मालिकेवर सहज चालतात. निकॉनच्या अ‍ॅडॉप्टरवर मात्र अंगभूत मोटर असलेल्या लेन्सच स्वयंचलित फोकस करतात. ही माहिती विक्रेता आपणहून देईलच असे नाही.

गरज तशी निवड

छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जुना, सुस्थितीतील एपीएस-सी डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स ही आजही सर्वांत समंजस सुरुवात ठरते. अ‍ॅपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ यांचे त्रैराशिक त्यावर जसे हातात बसते, तसे मोबाइलच्या पडद्यावर बसत नाही. व्ह्यूफाइंडर परिणाम आधी दाखवत नसल्याने प्रकाशाचा अंदाज बांधण्याची सवय लागते, हा तोटा शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. वाचलेल्या पैशांतून तिपाई, दुसरी बॅटरी आणि प्रवास होऊ शकतो.

वन्यजीव आणि पक्ष्यांच्या छायाचित्रकारांचे गणित निराळे आहे. भिगवणच्या जलाशयावरील रोहित पक्षी असोत वा ताडोबातील वाघ, अंतर हाच शत्रू. ३०० मिमीची लेन्स एपीएस-सी बॉडीवर फुल फ्रेमवरील ४५० मिमीइतकी चौकट देते. म्हणून या छंदात महागड्या फुल फ्रेमचा हव्यास बहुधा अनाठायी ठरतो. २०१६ चा निकॉन 'डी५००' सेकंदाला दहा छायाचित्रे टिपतो. तो आणि २००-५०० मिमीची लेन्स ही जोडी जुन्या बाजारात मिळाल्यास हौशी माणसाला वर्षानुवर्षे पुरेल. उडत्या पक्ष्यांवरच भर असेल आणि खिसा साथ देत असेल, तर मात्र डोळा ओळखणारा मिररलेस स्पष्टपणे सरस आहे.

लग्नसमारंभांच्या व्यावसायिकांनी भावनेपेक्षा व्यवहार पाहावा. ज्यांच्याजवळ दोन चांगले डीएसएलआर आणि लेन्सचा संच आहे, त्यांनी केवळ शेजारच्या स्टुडिओने मिररलेस घेतला म्हणून कर्ज काढण्याचे कारण नाही. अल्बमच्या पानावर दोहोंतील फरक ग्राहकाला कळत नाही. पण ग्राहक आता छायाचित्रांइतकीच चित्रफितीची मागणी करतो आणि तिथे निर्णय बदलतो. चित्रीकरण करताना डीएसएलआरचा आरसा वर अडकून राहतो, व्ह्यूफाइंडर निरुपयोगी होतो आणि बहुतेक निकॉन डीएसएलआरचा फोकस चाचपडतो. २०१३ च्या '७०डी'पासून कॅननने सेन्सरवरच फोकस साधणारे 'ड्युअल पिक्सेल' तंत्र आणल्याने तिच्या नंतरच्या अनेक डीएसएलआरची कामगिरी बरी आहे. तरीही उत्पन्नाचा मोठा भाग चित्रीकरणातून येणार असेल, तर नवी गुंतवणूक मिररलेसमध्येच व्हावी.

प्रवासाची आवड असणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. घरी राहिलेला उत्तम कॅमेरा सोबत असलेल्या साध्या कॅमेऱ्यापुढे हरतो. हरिश्चंद्रगडाची चढण चढताना खांद्यावर दोन किलो वागवण्याची तयारी नसेल, तर लहान मिररलेस वा मोबाइल यांतूनच निवड करणे इष्ट.

जुन्या मालाची पारख

डीएसएलआरच्या नव्या मॉडेलांचा ओघ थांबल्याने यापुढील व्यवहार मुख्यत्वे जुन्या मालाचे असतील. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारापासून ऑनलाइन विक्री मंचांपर्यंत हा बाजार पसरला आहे. त्यात चोखंदळ ग्राहकाचा फायदा आणि बेसावध ग्राहकाचे नुकसान, दोन्ही आहे.

पहिली तपासणी शटरची. प्राथमिक श्रेणीतील बॉडींचे शटर साधारण एक लाख, मध्यम श्रेणीतील दीड ते दोन लाख आणि 'वन-डी एक्स मार्क-३'सारख्या व्यावसायिक कॅमेऱ्याचे पाच लाख वेळा उघडझाप करण्यासाठी बनवलेले असते. निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते आणि संगणकावर वाचता येते. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत ती फाइलमध्ये नसते, त्यामुळे सेवा केंद्राचा किंवा खास सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा लागतो. लग्नाच्या एका हंगामात काही हजार छायाचित्रे टिपली जातात, हे लक्षात घेता 'फारसा वापरलेला नाही' या शब्दावर विसंबण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी सेन्सरची. अ‍ॅपर्चर 'एफ १६'वर ठेवून कोऱ्या भिंतीचे वा आकाशाचे चित्र घेतल्यास धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. तिसरी तपासणी लेन्सची. एका बाजूने टॉर्चचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी लगेच नजरेस येते. अनुक्रमांक असलेले मूळ बिल मागणे ही चौथी आणि बहुधा टाळली जाणारी खबरदारी. तिने चोरीचा माल ओळखता येतो.

नव्या मालातही 'ग्रे मार्केट'चा धोका आहे. अधिकृत आयातदाराला वळसा घालून आलेला माल स्वस्त पडतो, पण त्याला भारतातील वॉरंटी लागू होत नाही. जुलै २०१७ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांवर २८ टक्के जीएसटी लागला होता आणि बिलाविना व्यवहाराचा मोह त्यामुळे समजण्यासारखा होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. आता काही हजारांसाठी पक्क्या बिलावर पाणी सोडणे परवडणारे नाही.

ओलाव्याशी झुंज

परदेशी परीक्षणे वाचून कॅमेरा निवडणाऱ्याच्या नजरेतून एक बाब निसटते, ती म्हणजे आपला पावसाळा. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता लेन्सच्या आत बुरशी वाढवण्यास पोषक असते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत चार महिने बंद ठेवलेला कॅमेरा दिवाळीला बाहेर काढला, तर काचेवर पांढुरके तंतू दिसण्याची शक्यता दाट. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखणारे कोरडे कपाट हा उत्तम उपाय. ते परवडत नसेल, तर घट्ट झाकणाचा डबा आणि वेळोवेळी वाळवलेले सिलिका जेल यांवर भागते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा नियमित वापरणे. हवा खेळती राहिली आणि उजेड मिळाला की बुरशी सहसा धरत नाही. या देखभालीची तरतूद खरेदीच्या अंदाजपत्रकातच हवी.

अखेरच्या ग्राहकाचे काय?

या साऱ्या चर्चेला एक सामाजिक बाजूही आहे. एखादे तंत्रज्ञान कंपन्या सोडून देतात, तेव्हा त्याचा भार अखेरच्या ग्राहकावर पडतो. श्रीमंत व्यावसायिक वेळीच बाहेर पडतो. तालुक्याच्या गावातील स्टुडिओवाला आणि शैक्षणिक कर्ज काढून शिकणारा विद्यार्थी मागे राहतो. त्याला उद्या शटर, बॅटरी, लेन्सची मोटर मिळेल की नाही, हा त्याच्यापुढील खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले आणि दुरुस्तीचा हक्क ही कल्पना निदान चर्चेत आली. बंद केलेल्या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षे पुरवणार, हे कंपन्यांनी विक्रीच्या वेळीच लेखी सांगावे, अशी अपेक्षा ग्राहकांनी ठेवली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. तोपर्यंत ज्या मॉडेलांचा खप मोठा होता, तीच जुन्या बाजारात निवडावीत, हे शहाणपणाचे. त्यांचे भाग आणि ते बसवणारे कारागीर दोन्ही अधिक काळ उपलब्ध राहतील.

डीएसएलआरचे युग संपले, हे बाजाराचे विधान आहे आणि ते खरे आहे. त्यावरून डीएसएलआर निरुपयोगी झाला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ग्राहकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत : काय टिपायचे, कोणत्या उजेडात टिपायचे, ते पाहणार कुठे आणि ओझे किती वाहायचे. उत्तर 'मुले, घर, मोबाइलचा पडदा' असे आले, तर खर्चच करू नये. 'चित्रीकरण, उडते पक्षी, रोजचा व्यवसाय' असे आले, तर मिररलेससाठी थांबून पैसे साठवावेत. आणि 'शिकायचे आहे, हिंडायचे आहे, हात आखडता आहे' असे असेल, तर श्रीमंतांनी टाकून दिलेला आरशाचा कॅमेरा बाजारात वाट पाहत आहे. गेल्या अनेक वर्षांत तो इतक्या वाजवी अटींवर मिळत नव्हता.